मेंढरावालीची चौकशी

मला माणसांची चौकशी करायची खोड आहे. वॉर्डात नवीन पेशंट आला की सुई टोचता टोचता मी त्याचं गाव, त्याच्या आईचं माहेर, शेजारी बसलेली बाई बायको की बहीण, सगळं काढून घेते. आमच्या मोठ्या सिस्टर म्हणतात, केसपेपरवर यातलं काही लिहायला जागा नाही, मग कशाला विचारतेस. जागा नाही हे खरं. पण कळल्याशिवाय मला राहवत नाही, त्याला मी काय करू.

ही खोड घरातूनच आली. आम्ही मेंढरं राखणारी माणसं. वर्षातले सात-आठ महिने दुसऱ्याच्या रानात मुक्काम. खतासाठी शेतकरी मेंढरं बसवून घेतो आणि त्याबदली आम्हाला ज्वारी देतो. तो शेतकरी कुणाचा, मूळचा कुठला, त्याचा मामा कुठला, हे कळल्याशिवाय त्याच्या रानात मेंढरं न्यायची नाहीत असा अण्णांचा नेम. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, पण पाच प्रश्नांत ते समोरच्याच्या तीन पिढ्या उलगडून मोकळे होतात.

तर अशा घरात वाढलेली मी गेली सात-आठ वर्षं एका बाईची चौकशी करते आहे, आणि ती बाई मुळात अस्तित्वातच नाही. जपानमध्ये तयार झालेल्या एका व्हिडिओ गेमच्या मालिकेतली ती नायिका. मालिकेचे चार भाग आहेत. यंदा चौथा आला तेव्हा मी दोन दिवसांची रजा टाकून पुण्याला मावसबहिणीकडे गेले आणि तो खेळून आले. नायिका आता चाळिशीची झालीय, कानामागचे केस पिकलेत, हाताखाली आठ-दहा पोरी शिकायला आहेत. तिचा बाप मात्र चौथ्या भागातही कुठे दिसत नाही. मी गावातल्या प्रत्येक घरात शिरून पाहिलं, एका विहिरीतही डोकावले. मावसबहीण शेवटी वैतागली. म्हणाली, "अगं, लढाई सोडून तू घराघरात कावून हिंडायलीस?" कावून म्हणजे कशाला, हे आमच्याकडचं बोलणं.

या बाईची आणि माझी गाठ मावसबहिणीनंच घालून दिली होती. मी वडवणीला अकरावीत होते, खोली करून राहायचे. मावसबहीण तेव्हा नुकतीच पुण्यात नोकरीला लागलेली. दिवाळीला आली ती मला साडी किंवा ड्रेस आणील असं आईला वाटलं होतं. तिनं आणलं हातात धरून खेळायचं एक जुनं यंत्र, कोपऱ्याला तडा गेलेलं, आणि त्यात या मालिकेचे पहिले तीन भाग. "इंग्रजी सुधारेल तुझं," ती म्हणाली. इंग्रजी सुधारलं. कारण त्यातलं सगळं बोलणं जपानीवरून इंग्रजीत आणलेलं होतं, आणि मोबाईलवर एकेक शब्द शोधल्याशिवाय मला पुढे सरकताच यायचं नाही.

पहिल्या भागात तिला कामच नाही. गोष्ट एका तलवारवाल्या तरण्याची. तो लढतो, लागून येतो, आणि ही डोंगरातल्या गावात विहिरीपाशी उभी असते. ती त्याला पाला वाटून लावते आणि त्याच त्या चार वाक्यांत वाटेला लावते. बस इथं. हलू नकोस. झालं. जा आता. तिच्याबद्दल माहिती द्यायच्या पानावर एकच ओळ होती, मेंढपाळाची मुलगी. ती ओळ वाचून मी यंत्र खाली ठेवलं. गोष्टींत मेंढपाळ आला की तो येडा तरी असतो नाहीतर झाडाखाली बासरी वाजवत असतो. आमच्यात बासरी कुणालाच येत नाही. ही मात्र मान खाली घालून पाला वाटत होती, आणि वाटताना तिचा खांदा जसा हलायचा तसा आईचा हलतो.

दुसऱ्या भागात ती त्या तलवारवाल्याच्या टोळीबरोबर निघते. आधी नुसतं गाठोडं उचलते, लढाई जुंपली की मागे जाऊन दडते. पण अर्ध्यावर गेल्यावर औषध कुणाला आधी द्यायचं हे तीच ठरवायला लागते. एकदा औषध एकालाच पुरेल एवढं असतं आणि जखमी दोघं. एक तो तलवारवाला, एक अनोळखी म्हातारी. ती म्हातारीला देते. तलवारवाला बरा होईपर्यंत रुसून बसतो आणि ही त्याची मनधरणी करत नाही. मला ती तिथं आवडली. पण याही भागात तिच्या घरचं काही नाही, एवढंच कळतं की तिनं सोळाव्या वर्षी घर सोडलं. का सोडलं, कुणी जाऊ दिलं, आई आहे का नाही, काही नाही. मला रात्रंदिवस तेच.

तिच्यामुळे ही नर्सिंगला गेली, असं मावसबहीण चारचौघांत माझ्याबद्दल सांगत असते. ते खोटं आहे. बारावीला मार्क बरे पडले, आणि मेंढी अडली की हात लहान म्हणून मलाच हाक मारायचे. आत अडकलेल्या कोकराचा पाय फिरवून बाहेर काढायला मला दहाव्या वर्षापासून येतं. त्याला कुठल्या जपान्याची गरज लागली नाही.

बारावीनंतरच्या त्या थंडीत अण्णा आणि आई मेंढरं घेऊन केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या शिवारात होते. मी वडवणीतच एका दुकानात बसत होते आणि दर रविवारी एसटीनं त्यांच्याकडे जायचे. दुपारी मेंढरं लिंबाच्या सावलीत एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहिली की अण्णांना तासभर मोकळा मिळायचा. त्या तासात मी यंत्र काढून बसायचे. मालकाच्या विहिरीवर लाईट असली तर तिथंच चार्जिंगला लावायचे, नसली तर आहे तेवढ्यात भागवायचं.

पहिल्या रविवारी अण्णा लांबून बघत होते. दुसऱ्या रविवारी ते येऊन शेजारी टेकले. तिचं जपानी नाव त्यांच्या तोंडी बसेना, म्हणून ते तिला मेंढरावाली म्हणायला लागले.

"मेंढरावाली कुणाची हाय ही?"

"म्हाईत न्हाई, अण्णा. सांगितलंच न्हाई."

"गाव तरी?"

"डोंगरातलं हाय. बर्फ पडतो तिथं."

"बर्फात मेंढरं खातेत काय मंग? आन् मामा कुठला हिचा?"

मामा कुठला हे मलाही कधी सुचलं नव्हतं. आम्ही दोघं बराच वेळ त्यावर बोललो. अण्णांचं म्हणणं, मामा नसंल, असता तर पोरगी अशी एकलीच विहिरीवर उभी राहिली नसती.

तिसरा भाग मी त्यांच्यासमोरच सुरू केला, आणि तिथंच आमचं घोडं अडलं. या भागात सगळी गोष्ट तिचीच आहे आणि ती सुरू होते तिच्या घरापासून, ती सोळा वर्षांची असल्यापासून. पहिलंच काम असं की डोंगरावर पांगलेली मेंढरं दिवस मावळायच्या आत कोंडवाड्यात आणायची. दहा मेंढरं आणली की यंत्र खूश, पुढे चला म्हणतं. पण अण्णांनी डोंगराकडे बोट दाखवलं.

"चौदा हायेत. मी मोजलीत. चार वर राहिली."

मी पुन्हा गेले. वरच्या कड्यावर चार मेंढरं दिसत होती, पण काही केल्या जवळ येईनात. मी डावीकडून गेले, उजवीकडून गेले, खालून हाळी दिली. अण्णांनी शीळ कुठं घालायची ते सांगितलं, जसं काही यंत्राला ती ऐकू जाणार होती. तो रविवार गेला. पुढचा गेला. त्याच्या पुढचाही गेला. आम्ही बापलेकीनं तीन रविवार चार मेंढरांच्या मागं घातले. शेवटी मी मावसबहिणीला फोन लावला, तर ती एवढी हसली की तिला बोलता येईना. ती चार मेंढरं हलणारी नव्हतीच, मागच्या डोंगराच्या चित्रात रंगवलेली होती. आजवर कुणी ती आणायला गेलं असेल असं तिला वाटत नव्हतं.

मी अण्णांना सांगितलं. ते नाराज झाले. "चित्रातली असली म्हणून काय झालं. रानात हायेत ना? मंग सोडून कशी जाती ही?"

त्या तीन रविवारांच्या मधेच माझं पत्र आलं होतं. लातूरला नर्सिंगच्या कॉलेजात माझा नंबर लागला होता. तीन वर्षांचा कोर्स, होस्टेल तिथंच. गुरुवारी कागद घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्याला जाणार. पालकाची सही लागत होती. बचत गटात गेल्यापासून आईला सही येते. तिनं विहिरीच्या कठड्यावर कागद ठेवून सावकाश सही केली आणि म्हणाली, "ह्यांना आत्ता नको सांगू. तू गेली की मी सांगते मागून."

आईचंही चुकत नव्हतं. मला भाऊ नाही. केजकडचं एक स्थळ अण्णांच्या मनात भरलं होतं, मेंढरांचंच घर, मुलगा आमचा कळप पुढे बघायला तयार. अण्णा आधीच त्यांच्याकडे दोनदा जाऊन आले होते. मी विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, आणि अण्णांचं नाही कधी बदललेलं आम्ही पाहिलं नव्हतं. म्हणून ठरलं होतं की बुधवारी मी वडवणीवरून निघायचं, आणि अण्णांना कळेल तेव्हा मी लातूरला असेन. मी अठरा वर्षांची होते आणि मला यात शहाणपणा वाटत होता.

त्या बुधवारच्या आधीच्या रविवारी मी युसूफ वडगावला गेले. कागद पिशवीत तळाशी, त्यावर कपडे, त्यावर यंत्र. आई पाणी आणायला गेलेली. अण्णा येऊन बसले आणि म्हणाले, "सोड ती चार मेंढरं. जाऊ दे पुढं. बघू तर खरं, ही घर कावून सोडती."

मलाही त्यांना तेच दाखवायचं होतं. खोटं कशाला बोलू, मला त्याहून जास्त हे बघायचं होतं की तिनं घर सोडल्यावर अण्णा काय म्हणतात. त्यावरून मला माझा अंदाज घ्यायचा होता.

मी पुढे नेलं. पहाट झाली. धुकं. घराच्या धुराड्यातून धूर निघतोय, म्हणजे आत कुणीतरी उठलंय. ती बाहेर येते, पाठीवर पिशवी. अंगणातला कुत्रा शेपटी हलवत तिच्याकडे येतो. ती खाली बसते, त्याच्या गळ्यात दोरी अडकवते, दोरी खुंट्याला बांधते. मग दाराकडे एकदा बघते आणि डोंगर उतरायला लागते. पडद्यावर इंग्रजीत तिच्या ओळी आल्या: मी बाबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पाय निघाला नसता.

"काय म्हणायली ती?" अण्णांनी विचारलं.

मी म्हणाले, "तिनं बापाला सांगितलं. म्हणती, मी चालले शिकायला. बाप म्हणला, जा."

हे माझ्या तोंडून इतकं सहज गेलं की माझं मलाच आश्चर्य वाटलं. अण्णांनी तळहातावर तंबाखू घेतली आणि चुना लावायचा विसरून नुसती चोळत राहिले.

"परत दाखव."

मी परत दाखवलं. यंत्रात ते मागे नेता येतं. धूर, कुत्रा, दोरी, दार, डोंगर.

"आणखी एकदा."

तिसऱ्यांदा बघून झाल्यावर ते म्हणाले, "बापानं जा म्हणलं?"

"हो."

"मंग कुत्रं कावून बांधलं हिनं?"

मी म्हणाले, असंच बांधलं असेल, कुत्रं हरवू नये म्हणून. अण्णांनी मान हलवली. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मेंढराचा पाय कुठं दुखतोय ते बघावं तसं ते बोलत होते.

"सांगून निघालेलं माणूस कुत्रं बांधत न्हाई. कुत्रं येतं शिवेपर्यंत आन् जातं माघारी. चोरून जायचं असलं की बांधतेत. मोकळं राहिलं तर मागं येतं, भुकतं, घरातली उठतेत. हिनं सांगितलं न्हाई. बाप आत चुलीपाशी बसलेला हाय आन् त्याला पत्ताच न्हाई."

मी ते दृश्य निदान दहा वेळा पाहिलं असेल, कारण मधल्या आठवड्यांत वडवणीच्या खोलीवर मी एकटीनंच तिथपर्यंत खेळून ठेवलं होतं. कुत्र्याचं मला वाटलं होतं, तिचा जीव होता त्याच्यावर, म्हणून जाताना गळ्यात हात घातला. दोरी मला दिसलीच नव्हती. लहानपणापासून कुत्र्यांत वाढलेली मी, आणि मला दिसली नव्हती.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग पिशवीकडे बघितलं.

"तू बी कुत्रं बांधलंय का?"

मी रडले नाही. पिशवीतून कपडे काढून बाजूला ठेवले आणि तळातला कागद त्यांच्या पुढ्यात धरला. त्यांना तो वाचता येत नव्हता, पण खालची सही त्यांनी ओळखली. आईचं अक्षर शेवटी जरा वर चढतं. त्या सहीवर त्यांनी अंगठा ठेवला. मी सगळं सांगितलं. लातूर, तीन वर्षं, होस्टेल, गुरुवार, आणि बुधवारी मी न सांगता जाणार होते हेही. केजच्या मुलाशी मला लग्न करायचं नाही, हे सगळ्यात शेवटी सांगितलं.

"मला इचारलं असतं तर मी काय म्हणलो असतो?" अण्णा म्हणाले.

"न्हाई म्हणला असता."

"म्हणून इचारलं न्हाई."

"हो."

"आता इचार."

मला वाटलं ते रागानं बोलतायत. पण ते खरंच थांबले होते. तंबाखूचा हात गुडघ्यावर, तोंड माझ्याकडे. कळप बसवायला मालकाशी बोलणं करताना ते असेच बसतात, समोरच्याचं पुरतं ऐकून घ्यायला. मी पदर नसताना पदर सावरल्यासारखा ओढणीला हात लावला.

"अण्णा, मी नर्सिंग शिकायला लातूरला जाऊ का?"

त्यांनी घाई केली नाही. मेंढरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं.

"न्हाई," ते म्हणाले.

मी कागदाची घडी घालायला लागले, पण घडी नीट पडेना. तिकडे मेंढरं एकेक करून अंग झाडायला लागली होती. अण्णा उठले, घोंगडी झटकली, खांद्यावर टाकली. दोन पावलं गेले आणि तिथंच, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

"न्हाई म्हणायचा माझा हक होता. तो तू आन् तुझ्या आईनं मिळून खाल्लता. आता म्हणून झालं माझं." काठी त्यांनी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "बुधवारची गाडी किती वाजता हाय?"

"साडेसातची," मी म्हणाले, आणि तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.